जुना कारटेप जमा

नवा कारटेप घेण्याच्या नादात मी माझ्या आईला जळगावच्या एका दुकानात जमा करून आलो, आणि पावती घ्यायलाही विसरलो.

चूक सर्वस्वी माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. दुकानदाराची नव्हती, बायकोची नव्हती, आणि मस्कतहून भेटवस्तू पाठवणाऱ्या मेहुण्याची तर मुळीच नव्हती (तसं मी काही दिवस सांगत फिरलो होतो, तेही चुकलंच).

तीन-चार वर्षांपूर्वीची, नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. मी दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला होतो. घरी धुळ्याला सगळ्यांचा समज असा, की बाळूला विजेचं सगळं कळतं. खरं म्हणजे मी भांडार विभागात होतो. विजेशी माझा संबंध एवढाच, की बल्ब गेला तर जुना बल्ब जमा करून घ्यायचा आणि नवा द्यायचा. पण हे मी घरी कधी सांगितलं नाही. मिक्सरपासून मोटरपंपापर्यंत सगळं माझ्यापुढे यायचं, आणि मी ते उघडून, गंभीर चेहऱ्याने बघून, पुन्हा बंद करायचो.

आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिचा आवाज मात्र मागे राहिला होता, एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये.

आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ घालून देवी मांडायची, सगळ्या भाऊबंदकीने, म्हणजे अख्ख्या कुळाने, जमायचं, प्रसादाचे रोट करायचे आणि बायांनी गाणी म्हणायची. गाणी आईची. गल्लीतल्या बाया नुसत्या मागून सूर ओढायच्या. कधीतरी मी हौसेने टेपरेकॉर्डर विकत घेतला आणि एका कानबाईला तिची सगळी गाणी भरून घेतली. मधेच मला शंका आली, की यंत्र चालू आहे की नाही. मी वाकून बघायला गेलो. आई गाणं थांबवून कडाडली, "बाळू, त्या बटनले हात नको लाऊ रे!" आणि पुढच्याच श्वासात, सोडलेल्या शब्दापासून गाणं पुन्हा उचललं.

हे सगळं कॅसेटमध्ये आलं.

आई गेल्यावर कळलं, की गाणी पूर्ण कुणालाच येत नाहीत. माझी मोठी बहीण, शिरपूरची अक्का, तिला सगळ्यांच्या पहिल्या ओळी पाठ. काकूला शेवटच्या. मधलं सगळं आईबरोबर गेलेलं. तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तोड काढली. घरच्या टेपरेकॉर्डरचा आवाज एवढ्या बायांना पुरत नव्हता, म्हणून त्यांची जुनी अँबेसिडर दाराशी लावायची, चारही दारं उघडायची, आतल्या टेपवर आईची कॅसेट लावायची आणि बायांनी तिच्या मागोमाग म्हणायचं. पहिल्याच वर्षी ती कॅसेट टेपने गिळली. आत गेली ती बाहेर येईना. टेप मात्र आपोआप बाजू उलटणारा होता, त्यामुळे एक बाजू संपली की दुसरी, दुसरी संपली की पहिली. तीन वर्षं त्या गाडीत दुसरं काही वाजलं नाही. दर दीड तासाने मी बोलणी खायचो. धुळ्याहून दीपनगरला यायचं म्हणजे एकदा पारोळ्याच्या अलीकडे आणि एकदा नशिराबादच्या पलीकडे. पोरांचा बाप, हाताखाली सहा माणसं, आणि बटणाला हात लावू नको!

आबाही कुरकुरायचे. आवाजात खरखर आली होती. "काढ रे ते डबडं एकदाचं," असं ते दर महिन्याला म्हणायचे. हे वाक्य माझ्या बचावाचा मुख्य आधार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

त्या वर्षी आषाढात मस्कतच्या मेहुण्याने शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, सीडीवाला वॉकमन पाठवला. भाकरीएवढा गोल, चंदेरी, मिटलेल्या शिंपल्यासारखा. सोबत दोन सीडी. आमच्या कॉलनीत तो पहिलाच. लोक बघायला यायचे. कानाला लावून एकेकाने एकेक मिनिट ऐकायचं, असा नियम शैलाने केला. मला मात्र रात्रंदिवस एकच ध्यास लागला. हे गाडीत वाजलं पाहिजे.

गाडी योगायोगाने माझ्याच ताब्यात होती. दर वर्षी कानबाईच्या आधी मी ती जळगावच्या मिस्त्रीकडे तपासून घ्यायचो. मिस्त्रीच्या शेजारीच गफूरभाईंचं गाडीच्या सामानाचं दुकान. मी वॉकमन रुमालात गुंडाळून तिथे पोहोचलो.

गफूरभाईंनी आधी सगळ्यात सोपा उपाय काढला. एक कॅसेटच्या आकाराची वस्तू, तिला शेपटीसारखी वायर. "साहेब, हे टेपमधे घाला, वायर वॉकमनला लावा. झालं काम. नवा टेप घ्यायची गरजच नाही."

"आत आधीच एक कॅसेट अडकलीय."

त्यांनी चिमटा आत घातला, डोळा लावला, आणि मान हलवली. "निघेल साहेब, पण तुकड्यांनी."

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्यातला भांडार विभागाचा माणूस जागा झाला होता. तीन वस्तू मांडल्याशिवाय एक घ्यायची नाही, हा आमचा धर्म. मी गफूरभाईंना तीन टेप काढायला लावले, वहीचं पान फाडलं आणि तुलनात्मक तक्ता आखला. पहिला रकाना, पुढच्या बाजूला वॉकमनची वायर लावायला भोक आहे की नाही. मग आवाज, दिवे, बटणं.

पहिल्या टेपला भोक मागे होतं. वायर लावायची तर दर वेळी अख्खा टेप उपसून काढायचा. बाद. दुसऱ्याला पुढे भोक होतं, पण वॉकमन लावला की रेडिओही सोबत गायचा. आतून कुणीतरी कांद्याचे भाव सांगत होतं. बाद. तिसऱ्याला पुढे भोक, निळे दिवे, आणि आवाज वाढवला की नाचणाऱ्या हिरव्या पट्ट्या. मी वायर खुपसली. दुकान दणाणलं. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. समोरचा पानवाला उठून आला. गफूरभाई म्हणाले, "साहेब, ही गाडी नाही राहिली, लग्नाचा मांडव झाला."

मी इतका हरखलो होतो, की तिथल्या तिथे बसवून घ्यायला सांगितलं. गफूरभाईंनी जुना टेप उपसून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "याचं काय?"

मी वीस वर्षं रोज दहादा उच्चारलेलं वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघालं. "जुना जमा करा."

तक्त्यात सगळे रकाने होते. आत काय आहे, हा रकाना नव्हता.

पुढच्या रविवारी शैला आणि मी थाटात धुळ्याला निघालो. नवा टेप, नवा वॉकमन, निळे दिवे. जळगाव सोडून पहिला खड्डा आला आणि गायक उचकी लागल्यासारखा थांबला. पुन्हा सुरू झाला. दुसरा खड्डा. पुन्हा थांबला. वॉकमनला हिसका सोसत नव्हता, आणि आमच्या रस्त्याला दुसरं काही देता येत नव्हतं. शैलाने तो मांडीवर घेतला. चाललं नाही. मांडीवर उशी आणि उशीवर वॉकमन. थोडं चाललं. शेवटी एरंडोलनंतर ती दोन्ही हातांनी तो अधांतरी धरून बसली, आरतीच्या ताटासारखा.

"अहो, हात दुखले."

"पारोळ्यापर्यंत धर. गाणं छान आहे."

"कुठलं गाणं? अर्ध्या तासात एक ओळ झालीय."

धुळ्याला पोहोचलो. आबा ओट्यावरच होते. मी काही न बोलता त्यांना गाडीत बसवलं, निळे दिवे लावले, हिरव्या पट्ट्या नाचवल्या. आबा चाळीस वर्षं शाळामास्तर होते. कुठलाही विद्यार्थी काय शिकून आलाय, हे ते शेवटपर्यंत ऐकून घेत. त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं. मग शांतपणे विचारलं,

"आणि तुनी माय कोठे शे?"

हा खड्डा मला दिसलाच नव्हता. रस्त्यातल्या सगळ्या खड्ड्यांहून मोठा.

"तुम्हीच म्हणायचात ना, काढ ते डबडं..."

"डबडं काढ म्हटलं होतं. तिला काढ असं नव्हतं म्हटलं."

मग काकूने आतून सांगितलं, ते मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आबा रोज संध्याकाळी, चहा झाल्यावर, अर्धा तास उभ्या गाडीत जाऊन बसायचे. गाडी पुसतो म्हणायचे.

खरं सांगायची ती वेळ होती. मी कान खाजवला आणि म्हणालो, "दुरुस्तीला दिलीय आबा. आवाज साफ करायला. कानबाईच्या आत येईल."

कानबाई पुढच्या रविवारी होती.

मी कोपऱ्यावरच्या पीसीओवर धावलो आणि अक्काला शिरपूरला फोन लावला. "अक्का, तुझ्याकडे त्या कॅसेटची कॉपी आहे ना?"

"माझ्याकडे कुठली? तूच म्हणाला होतास, कॉपी करून पाठवतो. तीन राख्या झाल्या त्याला." मग ती थांबली. "का रे? काय केलंस?"

"काही नाही. सहज."

"बाळू, कान खाजवू नकोस." (फोनवरून कसं दिसलं, देव जाणे.)

सोमवारी सकाळी कामावर न जाता मी गफूरभाईंच्या दारात उभा. ते दुकान उघडत होते.

"जुना टेप? तो तर दुसऱ्याच दिवशी गेला साहेब. जामनेरच्या सुपडूने नेला, काळीपिवळी जीपवाला."

"त्यात कॅसेट अडकलीय हे सांगितलं का त्याला?"

"सांगितलं ना. तो म्हणाला, अडकली तर चोरी होणार नाही."

जामनेरच्या जिपा जिथून सुटतात, तिथे मी गेलो. पाच जिपा उभ्या. चार रिकाम्या, त्यांचे ड्रायव्हर ओरडून ओरडून घसा कोरडा करत होते. पाचवीत नुसत्या बाया खचाखच भरल्या होत्या, आणि अजून दोन-तीन जणी जागा मिळेल का बघत होत्या. आतून आईचा आवाज येत होता.

मी मागच्या दाराला धरून आत शिरलो. एका पाटीवर बसलो, पाटीत वांगी होती. आई गात होती आणि अख्खी जीप तिच्या मागे म्हणत होती. पहिली ओळ, मधल्या ओळी, शेवटची ओळ. आमच्या भाऊबंदकीला तीन वर्षांत जमलं नाही, ते जामनेरच्या रस्त्याने आठवडाभरात पाठ केलं होतं. गाडी सुटली. नेरीजवळ कॅसेटमधली ती जागा आली. बायांनी एकमेकींकडे बघितलं, पदर सावरले, आणि आईबरोबर एका सुरात कडाडल्या,

"बाळू, त्या बटनले हात नको लाऊ रे!"

मग सगळ्या पोट धरून हसल्या. ते त्यांचं सगळ्यात आवडतं कडवं होतं.

"मावशी," मी शेजारच्या म्हातारीला हळूच म्हणालो, "तो बाळू मी."

 सुपडूने गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून बघितलं. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एवढा मोठा झाला?" ती म्हणाली. "मंग, ऐकलं का मायचं?"

मी वांग्यांच्या पाटीवर बसून सगळं सांगितलं. वॉकमन, निळे दिवे, तक्ता. आबांशी खोटं बोललो तेही. का कोण जाणे, सख्ख्या बापापुढे जे फुटेना ते अनोळखी चौदा जणींपुढे भडाभडा बाहेर आलं. शेवटी मी सुपडूला विनवलं, "माझा नवा टेप घे आणि हा दे. निळे दिवे आहेत त्याला."

"त्यात वाजवू काय?"

"सीडी. वॉकमन लावून."

"हिसका बसला की थांबते ना ती? मी पाहेल हाये एका पाहुण्याची." त्याने जीपभर नजर फिरवली. "इथं पाय ठेवायला जागा नाही, अन तो वॉकमन कोण धरून बसेल? साहेब, खरं सांगू? आधी बाया माझ्या गाडीले हात दाखवत नव्हत्या. म्हणे, हा लई पळवतो. आता गाणं पुरं व्हावं म्हणून मीच हळू चालवतो. तुमच्या मायनं मले सुधरवलं."

 तिला मला सुधारता आलं नव्हतं, हे मनात आलं.

म्हातारीनेच निवाडा केला. "सुपडू, रविवारी गाडी धुळ्याले ने. त्याहिची कानबाई होऊ दे. आम्ही बी येतो. मोकळी गाडी देवीच्या दारात नेऊ नये."

रविवारी दुपारी धुळ्याच्या घरी देवी मांडून झाली होती. नारळाला नथ घातली होती. भाऊबंदकी गोळा झाली होती. बाया बसल्या होत्या आणि अक्का पहिली ओळ तिसऱ्यांदा म्हणत होती, कारण दुसरी कुणालाच आठवत नव्हती. आबा देवीसमोर न बसता बाहेर ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. गल्लीच्या तोंडाशी मी दोनदा जाऊन आलो होतो.

आधी आवाज आला. मग काळीपिवळी जीप वळली, हळू, एखाद्या पालखीसारखी. आतून आई गात होती, आणि जामनेरच्या चौदा बाया तिच्यामागे. सुपडूने जीप आमच्या अँबेसिडरच्या शेजारी, बरोबर दाराशी लावली.

आमच्या घरातल्या बाया ओळीने बाहेर आल्या. गाणं जिथे होतं तिथून त्यांनी उचललं. अक्का गाता गाता रडायला लागली, तरी तिने ओळ सोडली नाही. मी मात्र पुन्हा उत्साहात आलो. घरातला टेपरेकॉर्डर आणला, कोरी कॅसेट घातली, जीपच्या बोनेटवर ठेवला. या वेळी कॉपी करायचीच. बटण दाबायला बोट पुढे केलं आणि माझं मनगट कुणीतरी पकडलं.

आबा.

"तू नको," ते म्हणाले. "अक्का, तू दाब."

अक्काने दाबलं. मी हात मागे बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा उभा राहिलो. कॅसेट फिरत होती. आबा जीपजवळ आले, सुपडूच्या शेजारच्या सीटवर चढून बसले, आणि डोळे मिटले. एक अख्खं गाणं झालं.

"आबा," मी खिडकीशी जाऊन कुजबुजलो, "नवा टेप सुपडूला देऊन हा परत मिळतो का बघतो. आजच."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "ही जीप कोठे कोठे जास?"

"जळगाव, नेरी, जामनेर. दिवसातून तीन फेऱ्या," सुपडूने अदबीने सांगितलं.

"राहू दे तिथेच," आबा म्हणाले. "तिले फिरानी भारी हौस व्हती. मी तिले कोठे लई गऊ? कुठेच नेलं नाही. गाडी घेतली तीही रिटायर झाल्यावर. तिच्या वाट्याला दोन वर्षं आली." मग थोड्या वेळाने मास्तरी मराठीत, "आणि बाळू, दुरुस्तीला दिलेली वस्तू चौदा बाया घेऊन परत येत नाही. खोटं बोलताना तू कान खाजवतोस. पहिलीपासून."

मला पुढचं काही सुचायच्या आत गाणं थांबलं आणि आईने ते वाक्य म्हटलं. आईने म्हटलं, जामनेरच्या बायांनी म्हटलं, आणि या वेळी आमच्या अख्ख्या गल्लीनेही म्हटलं. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. बोलायचं होतं ते आता चुकवता येणार नव्हतं.

आबांना आता धुळ्याहून जळगावला जायला महिन्यातून एकदा काहीतरी काम निघतं. तिथून ते जामनेरच्या जीपने जाऊन येतात. पुढची सीट सुपडू राखून ठेवतो. नवा टेप अँबेसिडरमध्येच आहे, दिवेही निळेच आहेत. वॉकमन शैलाने कपाटात ठेवला. हात दुखतात म्हणते.

आणि कानबाईला आता आम्ही अक्काने भरलेली कॅसेट लावतो. तिच्यात आई आहे, जामनेरच्या बाया आहेत, जीपच्या इंजिनाची घरघर आहे. मधेच आई गाणं थांबवून कडाडते, "बाळू, त्या बटनले हात नको लाऊ रे!" भाऊबंदकी श्वास रोखून माझ्याकडे बघते, कारण पुढचं सगळ्यांना पाठ आहे. क्षणभर नुसती घरघर, आणि मग एका चाळिशी उलटलेल्या माणसाचा रडवेला, अगदी स्पष्ट आलेला आवाज:

"चुकलो, आबा. चुकलो, आई. नाही लावत."